‘डॉ.’ लावायचंय? आधी देश निवडा

नावाआधी ‘डॉ.’ लावायचं पक्कं केलंय ना? मग संशोधनाचा विषय, गाईड, फेलोशिप असल्या किरकोळ गोष्टींत अडकू नका. आधी देश ठरवा. एक अक्षर आणि एक टिंब एवढाच हा दागिना, पण वेस ओलांडली की त्याचा कस बदलतो.

झटपट काम हवं असेल तर इटली. तिथं तीन वर्षांची पदवी पदरात पडली की माणूस रीतसर ‘दोत्तोरे’. आपल्या अंबाजोगाईत बी.ए. झालेल्याला कुणी पोरगी देईना, आणि तिथं तेवढ्याच वर्षांत डॉक्टर! ज्यानं खरोखर संशोधन केलं त्याला मग ‘दोत्तोरे दी रिचेर्का’ असं लांबलचक म्हणत बसावं लागतं. ही पदवी तिथं १९८० मध्ये आली. तोवर तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

ब्रिटनच्या वाटेला मात्र जाऊ नका. एम.बी.बी.एस. ही काही डॉक्टरेट नव्हे, तिथं ती मिळवलेल्याला ‘डॉक्टर’ म्हणतात ते नुसत्या रिवाजानं. तोच रिवाज आपण उचलला. पण सर्जन व्हायची परीक्षा पास झाली की तिथला गडी ‘डॉक्टर’ टाकून पुन्हा ‘मिस्टर’ होतो, आणि तेही अभिमानानं. जुन्या काळी तिथं चिरफाड न्हावी करायचे. १५४० साली न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी, म्हणजे धंद्याची संघटना झाली, ती १७४५ मध्ये फुटली. विद्यापीठात शिकलेले वैद्य या मंडळींना आपल्यात धरत नसत, म्हणून ते ‘मिस्टर’च राहिले आणि पुढं त्याचीच शान झाली. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये हा विचार कुणापुढं मांडू नका. पाट्या रंगवायचा खर्च तुमच्यावर येईल.

जर्मनी तर त्याहून वाईट. तिथं ‘डॉ.’ ओळखपत्रावर छापून मिळतो, हे ऐकून हुरळू नका. हक्क नसताना लावला तर दंडसंहितेच्या कलम १३२-अ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मानद पदवी असेल तर ‘एच. सी.’ ही शेपटी सोबत बाळगावी लागते, कापता येत नाही. प्रबंधातली उचलेगिरी उघडी पडल्यावर २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची आधी पदवी गेली, मग खुर्ची. २०१३ मध्ये शावान बाईंची पदवी विद्यापीठानं काढून घेतली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या होत्या शिक्षणमंत्री! असल्या देशात माणसानं राजकारण करावं तरी कसं?

तेव्हा आपला देशच बरा. अधिकार नसताना पदव्या वाटणाऱ्याला इथंही कायदा आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६, कलम २४, दंड एक हजार रुपयांपर्यंत. चौकातल्या फ्लेक्सचं बिल याहून जास्त येतं.

तरीही कुणाला खरी पीएच.डी. करायची हौस असेलच, तर त्याच्यासाठी थोडं सांगून ठेवतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, वर मुदतवाढ. कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट. उचलेगिरीचा हिशेब २०१८ च्या नियमांत आहे: १० टक्क्यांपर्यंत माफ, ४० पर्यंत सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या, ६० पर्यंत वर्षभर घरी बसा, त्यापुढं नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य मोजणीतून वगळतात. काही प्रबंधांत बरा चाललेला मजकूर मध्येच एखाद्या शब्दापुरता संस्कृत का होतो, हे आता कळलं असेल. ‘शेतकरी’ लिहिता लिहिता एकदम ‘कृषीवल’ उगवला की समजा, पंधरावा शब्द आला. एवढं करून प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढतो आणि जगाला दिसतो. आपण वाचला नसला तरी दुसरा कुणी वाचू शकतो, हा यातला मोठा धोका.

व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची तयारी मात्र मन लावून करा. प्रबंधाची नव्हे, त्या दिवसाची. बाहेरगावच्या रेफरीला, म्हणजे परीक्षकाला स्टेशनवरून कोण आणणार, रेस्ट हाऊसला गरम पाणी आहे का, शाल कुठल्या रंगाची, साहेब शाकाहारी की कसे. प्रश्न पाच विचारले जातील, ताटं पन्नास लागतील. फिनलंडमध्ये नव्या डॉक्टरला उंच टोपी मिळते आणि सोबत खरीखुरी तलवार. आपल्याकडे फेटा आणि नारळ. नारळ निदान फोडून खाता येतो.

एवढा कुटाणा नको असेल तर मानद रस्ता आहे. हॉटेलचा हॉल, नावात ‘इंटरनॅशनल’ असलेलं विद्यापीठ, ‘देणगी’ आणि भाड्याचा गाऊन. गाऊन पुढच्या माणसाला द्यायचा असतो, म्हणून फोटो आधी काढून घ्या. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्या बाबासाहेबांकडे कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. होती, दोन्ही कमावलेल्या; मानद त्यानंतर आल्या, १९५२ मध्ये कोलंबियाची आणि १९५३ मध्ये हैदराबादच्या उस्मानियाची. सत्काराच्या भाषणात हा दाखला देऊ नका. लोक तुलना करतात.

आता फ्लेक्स. दुकानातला पोरगा विचारील, ‘सर, मानद कंसात टाकू का?’ पहिल्या वर्षी टाकू द्या, फक्त अक्षर बारीक. दुसऱ्या वर्षी फोटोतला फेटा थोडा मोठा करा, कंस त्याच्यामागं जातो. तिसऱ्या वर्षी पुतण्याच्या लग्नपत्रिकेत ‘प्रा. डॉ.’ छापा. ‘प्रा.’साठी लातुरातल्या एखाद्या क्लासमध्ये सहा महिने शिकवलेलं चालतंय.

फक्त गावाकडं जरा जपून. तिथं डॉक्टर म्हणजे परभणीहून शिकून आलेला ढोराचा डॉक्टर, बाकीचे नंतर. रात्री दोन वाजता कुणी कडी वाजवून ‘डॉक्टरसाहेब, चला लवकर, म्हैस अडलीय’ म्हणालं, तर तेवढ्यापुरता ‘मानद’ हा शब्द मोठ्यानं उच्चारा.