सभेनंतर पोहे

आमच्या इंदूरच्या इमारतीत ८४ फ्लॅट आहेत आणि वार्षिक सभेला माणसं जमतात ती पोह्यांसाठी. एका वर्षी नोटिशीत नुसतंच 'हिशोब मंजूर करणे' छापलं, तर अध्यक्ष, सचिव आणि कोरम भरायला बसवलेला चौकीदार एवढेच हजर! तेव्हापासून खाली ठळक अक्षरांत असतं : 'सभेनंतर पोहे-जलेबी'.

यंदा मी ताळेबंद वाचून, पेन्सिलीच्या खुणा करून गेलो. मध्य प्रदेशच्या २००० सालच्या प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियमाप्रमाणे, म्हणजे फ्लॅटमालकीच्या कायद्याप्रमाणे, जिना, गच्ची, लिफ्ट यांत प्रत्येक मालकाचा अविभक्त हिस्सा असतो. (लिफ्टमधला माझा हिस्सा बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधला असावा. ती तिथेच अडकते.) हिस्सा आहे तर हिशोबही विचारावा, इतका साधा विचार.

"टँकर, २,८४,००० रुपये," सचिवांनी वाचलं.

नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्य चढून येतं. उन्हाळ्यात ते पुरत नाही हे मान्य. पण टँकर आले किती? पावत्या कुठे आहेत? मी हात वर केला.

"शेवटी घेऊ काका. मंजूर?"

"मंजूर!"

"लिफ्टचा वार्षिक करार, १,९०,०००."

कोटेशनं किती मागवली, असं मी विचारतोय तोवर मागून आवाज आला, "अहो, लिफ्टमधलं आपल्याला काय कळतंय!" तेही मंजूर. रंगकाम, पंप, जनरेटर, सगळं भराभर मंजूर.

"मागील सभेचा अल्पोपाहार, ५,६००."

सभा खडबडून जागी झाली.

"पाच हजार सहाशे? किलो किती आणले होते?"

"सेव धरून की सेव वेगळी?"

"जिरावन मसाला कमी होता. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं!"

टँकरच्या वेळी डुलक्या घेणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइलवर माणशी भाव काढू लागले. रिटायर्ड बँकवाल्यांनी "बिल दाखवा" म्हणून टेबलावर हात आपटला. सचिवांनी शांतपणे खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत पोह्यांचं बिल, जलेबीचं बिल, द्रोणांचं वेगळं, पुडीभर बडीशेपेचंसुद्धा! वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्या माणसाला कुठली पावती जपायची ते बरोबर कळतं.

पाऊण तासाच्या चर्चेअंती त्रिसदस्यीय पोहे उपसमिती नेमली गेली. तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, चव घ्यायची, अहवाल लेखी द्यायचा.

"आता माझे टँकर," मी म्हणालो.

"काका, पोहे गार होतायत! तुम्ही लेखी अर्ज द्या ना."

दिला. टँकरच्या पावत्या अजून आलेल्या नाहीत. माझ्या अर्जाच्या झेरॉक्सचे पाच रुपये मात्र या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये लागून आलेत, पावतीसकट.