कापड माझंच आहे, मग पैसे कसले?

हे वाक्य आज परत ऐकलं आणि डोकं फिरलंय माझं. ओळखीतल्या एकीने नवऱ्याची जुनी जीन्स आणून दिली, ताई हिची मस्त बॅग शिवून द्या ना, म्हटलं देते. बॅग होत आल्यावर शिलाई सांगितली तर तोंड एवढंसं झालं तिचं, म्हणे एवढी? अहो कापड तर माझंच आहे!

कापड?? बॅगेचं सगळ्यात सोपं काय असेल तर ते कापड, आणि जुन्या जीन्सचं तर तेही सोपं नाही. ताग्यातलं कापड पसरून कापणं वेगळं, इथे आधी पँट उसवावी लागते. ती आतली जाड शिवण असते ना, एकात एक दुमडून वर दोन टिपा मारलेली, ती सीम रिपरने टाका टाका तोडत उसवायची, हातभर दोरे वेचायचे, धुवायची, इस्त्री करायची आणि मग कळतं की गुडघ्यावर कापड विरलंय, मांडीला घासून पातळ झालंय, म्हणजे एवढ्या मोठ्या पँटमधून धड सलग तुकडा निघतो तो केवढासा. मग जोड द्या. जोड दिला की तिथे जाडी वाढली. शिवाय डेनिम कापून कात्रीची धार जाते ती वेगळीच, ती कोण लावून देणार मला?

त्यात या पँटमध्ये स्ट्रेच. स्ट्रेचचं कापड तसंच वापरलं तर आत वजन पडलं की बॅग लोंबकळते, म्हणून मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं आधाराचं कापड, लावावंच लागतं. आणि फ्युजिंग म्हणजे इस्त्री फिरवली की झालं असं नाहीये हो, फिरवायचीच नसते ती, एका जागी दाबून धरायची १०-१५ सेकंद, उचलायची, शेजारी ठेवायची, परत दाबायची, असं प्रत्येक तुकड्यावर, आणि गार होईपर्यंत तुकडा हलवायचा नाही. इथे घाई केली की पहिल्याच धुण्यात बुडबुडे येतात आणि तेव्हा नाव माझं खराब होतं, कापडवालीचं नाही.

तर फ्युजिंग माझं. अस्तर माझं. चेन माझी, तीही ५ नंबरची कारण बारीक चेनची भरलेली बॅग लोक ओढून बंद करतात आणि आठ दिवसांत रनर हातात येतो. कड्या, पट्टा, मॅग्नेटचं बटण, जाड पॉलिएस्टर दोऱ्याचं रीळ, सगळं माझं. हे कुणाला दिसतच नाही!!

आणि सुया. पट्टा जोडतो ती जागा घ्या, पट्ट्याचेच चार थर, त्यात बॅगेच्या तोंडाचं डेनिम दुमडलेलं म्हणून दोन, अस्तर दुमडलेलं ते दोन, झाले आठ, फ्युजिंग तर मोजलंच नाही मी. घरातल्या मशीनवर तिथे मोटर लावून सरळ टीप जातच नाही, हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्यावा लागतो, मशीनचा कापड दाबून धरणारा पाय असतो ना, त्याच्याखाली मागच्या बाजूला घडी घातलेला तुकडा ठेवायचा म्हणजे तो तिरका होत नाही. १६ नंबरची जीन्सची सुई लावली होती, तुटली, मग १८ची लावली तीही एका कोपऱ्यात तुटली आणि तुकडा उडून डोळ्याच्या इतक्या जवळून गेला की मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मग खालून बघितलं तर टाके सुटलेले. उसवा परत. पण डेनिमवर सुईची भोकं दिसतात म्हणून परत टीप मारायची ती त्याच भोकांतून.

अस्तरात वीतभर फट ठेवून त्यातून ती अख्खी जाडजूड बॅग उलटी काढायची, कोपरे बाहेर ढकलायचे, बोटं दुखतात अक्षरशः. हे सगळं झालं की लोकांना दिसते ती फक्त वरची टीप आणि म्हणतात, मशीनवर अर्ध्या तासाचं काम.

वर म्हणे बाजारात याहून स्वस्त मिळते. मिळणारच ना, कारखान्यात थरावर थर रचून एका फटक्यात डझनाने तुकडे कापतात, एकजण दिवसभर फक्त चेनच लावतो, दुसरा फक्त पट्टे. इथे एकच बॅग, एकाच मापाची, आणि उसवण्यापासून शेवटचा दोरा कापेपर्यंत मी एकटी.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू, जाताना म्हणाली उरलेल्या तुकड्यांतून एक छोटा पाउच पण करून टाका ना, तुकडे वायाच जाणारेत. पाउचलाही चेन लागते बाई, अस्तर लागतं!

उद्या ती बॅग न्यायला येणारे. सुया, चेन, अस्तर, फ्युजिंग, दोरा सगळं एका कागदावर लिहून ठेवलंय, खाली तासही लिहिलेत, उसवायचे वेगळे. पूर्ण पैसे दिले तरच बॅग हातात देणार, आणि उरलेले तुकडे पिशवीत भरून परत.