पालकाची सही

रविवारी आमची तायक्वांदोची बेल्ट परीक्षा झाली आणि मी तिच्यात पास झालो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं ऐकून लोक म्हणतात, "नापास झालास म्हणून चिडलायस." तसं काही नाही. हिरव्या पट्ट्याचा 'ग्रीन वन' झालोय, म्हणजे हिरव्याच्या पुढची पायरी. तरीही चिडलोय.

पार्श्वभूमी फारशी नाही. वय ४३, पोट पुढे, आणि सकाळी फिरायला जायचा कंटाळा. घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तायक्वांदोचा क्लास चालतो, तिथे नाव घातलं. क्लासमध्ये माझ्या खालोखाल वयानं मोठा विद्यार्थी नववीत आहे. सर सव्वीस वर्षांचे आहेत. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो आणि कमरेत वाकून नमस्कार करतो. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

परीक्षेच्या दिवशी फॉर्मच्या टेबलावर रेड बेल्टची एक मुलगी बसली होती. तिनं माझा फॉर्म उलटसुलट पाहिला.

"काका, पालकाची सही राहिलीय."

"मला पालक नाहीत."

तिचा चेहरा एकदम पडला. "सॉरी काका."

"अगं तसं नव्हे! आहेत. साताऱ्याला आहेत दोघंही, ठणठणीत. मला पालक लागत नाहीत, असं म्हणतोय मी. मीच एक पालक आहे. माझी मुलगी सातवीत आहे."

"ती येते आपल्याकडे?"

"नाही, ती कथकला जाते."

"अरेरे. तिच्या फॉर्मवर करता आली असती तुम्हाला सही."

यात माझं काय काम होणार होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण ती मनापासून हळहळली होती. मग म्हणाली, "फॉर्म वर जातो काका. रकाना मोकळा दिसला की परत येतो." 'वर' म्हणजे कुठे ते आमच्या क्लासमध्ये कुणालाच माहीत नाही. फॉर्म तिथून येतात, सर्टिफिकेटं तिथून येतात आणि परीक्षेची फी तिकडे जाते.

माझ्यामागे पिवळ्या पट्ट्याची रांग लागली होती. "काका, चला ना," असं एक दुधाचे दात पडलेलं पोरगं म्हणालं. आणि त्याच वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

हॉलच्या दाराशी लाल प्लॅस्टिकची एक खुर्ची आहे. तिच्यावर रोज एक आजोबा बसतात. नातू ब्लू बेल्ट आहे, त्याला आणणं-नेणं हे वरकरणी काम. पण खरं काम वेगळंच. त्यांच्याकडे एक डायरी असते. कोण आलं, कोण उशिरा आलं, कुणाचा पाय किती वर गेला, याची त्यात रोजची नोंद. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत आणि डायरी कुणीही मागितलेली नाही. छत्री बाराही महिने सोबत. ती टेकत टेकत ते टेबलापाशी आले.

"काय अडलंय?"

मुलीनं सांगितलं. आजोबांनी मला डोक्यापासून अनवाणी पायांपर्यंत न्याहाळलं.

"अर्जदार सज्ञान दिसतोय."

"तेच तर म्हणतोय मी!" मला वाटलं, सुटलो.

"तुम्ही नका म्हणू. कागद काय म्हणतो ते बघा. वरच्या ओळीत काय छापलंय?"

वरच्या ओळीत छापलं होतं : 'विद्यार्थ्याचे नाव : कु.' आणि पुढे रेघ.

"झालं तर मग," आजोबा म्हणाले. "कागदावर तुम्ही कुमार. कुमाराला पालक लागणारच. माणसासाठी कागद बदलत बसलो असतो तर छत्तीस वर्षं नोकरी झाली नसती. पेन आहे का?"

पेन माझंच होतं. त्यांनी ते घेतलं, फॉर्म स्वतःकडे ओढला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि थबकले. पुढचा रकाना होता 'विद्यार्थ्याशी नाते'.

"इथं काय घालू? आजोबा?"

"तुम्ही माझे आजोबा नाही आहात."

"काका घालू?"

"काका तर मी आहे," मी म्हणालो. मागच्या रांगेनं एकमुखानं दुजोरा दिला.

"शेजारी लिहा ना," मुलीनं सुचवलं.

"शेजारी पंचनाम्याला चालतो. पालकत्वाला नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : 'अ. पा. क.'

ज्यांनी सातबारा पाहिलाय त्यांना कळलं असेल. जमिनीच्या उताऱ्यावर वारस अल्पवयीन असला की त्याचं पालन करणाऱ्याच्या नावाशी हीच तीन अक्षरं येतात : अज्ञान पालनकर्ता. गृहकर्ज, दोन विमा पॉलिसी आणि एक रूट कॅनाल अंगावर वागवणारा मी, शाळेच्या हॉलमध्ये अनवाणी उभ्या उभ्या अज्ञान ठरलो. आणि नोंद इतकी नीट झाली होती की खोडताही येईना.

"डाव्या हाताचा अंगठा?"

"मला लिहिता येतं हो!"

"सवयीनं विचारलं." त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, तारखेखाली वेळ घातली. मग सहीच्या वरचा बारीक मजकूर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा वाचला : "माझ्या पाल्यास सरावात अथवा परीक्षेत इजा झाल्यास त्याची जबाबदारी माझी राहील." वाचून झाल्यावर पेन स्वतःच्या खिशाला लावलं आणि माझ्याकडे वळले.

"आता माझी सही आहे. जपून लाथ मार. डोक्याला ३ गुण आणि छातीला २, म्हणून हावरटासारखा डोक्याकडे जाऊ नको. तू छातीवरच समाधान मान."

सही होईपर्यंत मी 'तुम्ही' होतो, हे इथं नमूद करतो. गुणांची माहिती मात्र अगदी बरोबर होती. फिरून मारलेल्या लाथेला आणखी २ मिळतात, हे त्यांनी बहुधा माझ्याकडे बघूनच सांगितलं नसावं.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओळी पट्ट्यांप्रमाणे लागतात. त्यामुळे निळ्या पट्ट्याची नऊ वर्षांची माणसं पुढे आणि मी मागे. "चारियोत! क्योंगने!" झालं, वाकलो. मला साम जांग करायचं होतं. तेगुकच्या आठ पूमसेंपैकी, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांपैकी, हा तिसरा, अग्नीचा. खालचा बचाव, लगेच समोरची लाथ, आणि पाय टेकतो न टेकतो तोच दोन ठोसे. माझ्या अग्नीचा थोडा धूर झाला, पण शेवटची किहाप, म्हणजे आरोळी, मी जी ठोकली तिनं खिडकीतलं कबूतर उडालं. त्या शांततेत दारापाशी आवाज आला : "आमचा आहे तो."

खरं तर मला याची सवय व्हायला हवी होती. क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप पालकांचा आहे, कारण बाकीच्या विद्यार्थ्यांकडे फोन नाहीत. मीही त्यातच आहे. "प्रिय पालक, आपल्या पाल्याची नखं कापून पाठवा," असा निरोप येतो. मी पायाची नखं कापतो, मग 'ओके सर' लिहितो, पुढे नमस्काराचे दोन हात. "पाल्याला क्लासपूर्वी शू करून पाठवा," यावर मात्र मी अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही.

डोबोकचंही तेच. हा पांढरा पोशाख उंचीच्या मापानं मिळतो. १६०, १७०, १८०, सगळं सेंटीमीटरात. उंची सोडून माणसाला दुसरी कुठली दिशा असते हे शिंप्याला मान्यच नाही. माझ्या पोटाला १९०चा लागतो, मग त्याच्या बाह्या मी घरी दुमडून शिवतो. बायको शिवत नाही. ती म्हणते, "तुमच्या पालकांना सांगा." हे ती आता म्हणायला लागली आहे. रविवारनंतर.

आणि सोसायटीत अजून सगळे विचारतात, "काय, कराटे का?" कराटे जपानचं, तायक्वांदो कोरियाचं. जपानची सत्ता कोरियावर १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं होती. ती गेल्यावर कोरियन उस्तादांनी आपलं वेगळं नाव लावायला धडपड केली. १९५५ मध्ये तायक्वांदो हे नाव पुढे आलं, १९७२ मध्ये सोलला कुक्कीवॉन हे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं, २००० मध्ये सिडनीला ऑलिंपिकची पदकं सुरू झाली. एवढं सगळं होऊन आमचा वॉचमन हवेत हात आडवा मारून "कराटे, साहेब!" म्हणतो. मी आता हो म्हणतो. लिफ्ट येते तेवढ्या वेळात कोरियाचा इतिहास आटोपत नाही.

पण फॉर्मचं माझ्या मनातून जायला तयार नाही. जगाची तायक्वांदो संघटना १९७३ मध्ये सोलला स्थापन झाली. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं होती डब्ल्यूटीएफ. पुढे इंटरनेटवरच्या पोरांनी त्या तीन अक्षरांची शिवी करून टाकली. बिचाऱ्यांनी काही काळ सोसलं, आणि शेवटी २०१७ मध्ये संघटनेनं नावातलं फेडरेशनच काढून टाकलं. पाट्या, बोधचिन्ह, सगळं बदललं. जगभरची संघटना तीन अक्षरांपायी स्वतःचं नाव बदलते, आणि आमच्या 'वर'च्यांना 'कु.'च्या शेजारी एक तिरकी रेघ मारून 'श्री.' छापता येत नाही. वय हा प्रकार या खेळाला ठाऊक नाही असंही नाही. कुक्कीवॉन पंधरा वर्षांखालच्या मुलांना काळा पट्टा देतच नाही, त्यांना अर्धा लाल अर्धा काळा पूम पट्टा असतो. म्हणजे मूल कोण आणि मोठा कोण हे त्यांना पक्कं कळतं. फक्त आमच्या हॉलच्या दारापर्यंत ते पोचत नाही.

मध्यंतरी मी स्वतःची समजूत घातली होती की कोरियात असतो तर वडीलधारा म्हणून मान मिळाला असता. तेही वाचून कळलं ते असं : तिकडच्या दोजांगांचं, म्हणजे तायक्वांदोच्या क्लासांचं, पोटही पोरांवरच चालतं. शाळा सुटली की दोजांगची व्हॅन मुलांना घ्यायला येते आणि आईबाप कामावरून येईपर्यंत मुलं तिथंच रमतात. म्हणजे सोललाही मी व्हॅनमध्येच बसलो असतो, खिडकीची जागा मिळाली नसती ती वेगळीच.

आणि हे एकट्या तायक्वांदोचं नाही. चाळिशीच्या माणसानं काही नवं शिकायचं म्हटलं की आपल्याकडे त्याला दोनच जागा आहेत, जिम आणि हास्यक्लब. पेटी शिकायला गेलो होतो तर बाई म्हणाल्या, "मुलाला आणलंय का?" पोहायला गेलो तर मोठ्यांची वेळ सकाळी साडेपाच, जणू मोठ्यांनी पोहताना कुणी बघू नये. शिकणारा म्हणजे लहान, हे एकदा ठरून गेलंय. मग मोठ्यानं एक तर लहान व्हायचं, नाहीतर घरी टीव्ही बघायचा. वर "या वयात?" हे ऐकायचं ते निराळंच. बरं, फी घेताना हे कुणाला आठवत नाही. फॉर्मवर मी कु. आहे, सर्टिफिकेटवरही कु. छापून आलोय, पण परीक्षा फीच्या पावतीवर स्वच्छ 'श्री.' आहे. पैसे देताना मी सज्ञान असतो.

हे मी सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "काका, मी वर कळवतो."

काल ग्रुपवर निरोप आला की येत्या रविवारी पालकसभा आहे, विद्यार्थ्यांना आणू नये. मी 'ओके सर' लिहिणार, तेवढ्यात आजोबांचा फोन. नंबर त्यांनी फॉर्मवरून उतरवून घेतलेला.

"मंगळवारी गैरहजर होतास. का?"

"ऑफिसात उशीर झाला."

"हं. लिहून ठेवतो. रविवारच्या सभेला मी जाऊन येतो. तू यायची गरज नाही."

"आजोबा, माझं पेन तुमच्याकडे राहिलंय."

"माहितीय. सभेत लागेल."