‘पाळी जाताना असं होतंच’ या संदेशाला उत्तर

बडोद्यातील मराठी महिला मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : चाळिशीनंतर अंगावरून जास्त जाणे स्वाभाविकच आहे, कारण पाळी बंद होताना साठलेले वाईट रक्त बाहेर पडते, सोनोग्राफी चांगली आली की काळजी नको, हार्मोनच्या गोळ्या घेण्यापेक्षा, त्रास असह्य झाला तर पिशवी काढून मोकळे व्हावे.

प्रथम ‘वाईट रक्त’. पाळीत जाते ते अंगातलेच रक्त असते आणि त्याबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचे थर गळतात. कुठे काही साठलेले नसते. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. म्हणजे एका पाळीत 80 मिलिलिटर रक्त गेले तर 40 मिलिग्रॅम लोह गेले, आणि आहारातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागते. जिना चढताना लागणारी धाप वयामुळे आहे असे मानून वर्षे काढणाऱ्या कितीतरी बायकांचे हिमोग्लोबिन कोणी तपासलेलेच नसते.

वयाबद्दलचे विधान मात्र अर्धे खरे आहे. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे अस्तराला आवर घालणारे हार्मोन तयार होत नाही, अस्तर वाढत राहते आणि मग अनियमितपणे गळते. तथापि पाळीचे अंतर 24 ते 38 दिवसांचे असणे आणि रक्तस्राव 8 दिवसांत थांबणे हे सर्वसाधारण मानले जाते. रात्री उठून पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे हे वयाच्या नावावर खपवण्यासारखे नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एखादा डाग दिसला तरी तपासणी टाळू नये, कारण अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो.

सोनोग्राफीवरचा विश्वास सर्वांत फसवा आहे. फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतील साधी गाठ), गर्भाशयाची सूज, अस्तराची जाडी तिच्यात दिसते; लहानसा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) निसटू शकतो, आणि अस्तरातील पेशी बिघडल्या आहेत का हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी बारीक नळीने अस्तराचा नमुना घ्यावा लागतो. हे बहुधा बाह्यरुग्ण विभागातच, काही मिनिटांत होते आणि तेवढ्यापुरती पोटात कळ येते. थायरॉइडचा विकार, रक्त न गोठण्याचा दोष, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काहीच पडद्यावर दिसत नाही. ‘आता या वयात कशाला’ म्हणून गर्भधारणेची चाचणी वगळणेही चूकच.

हार्मोनच्या भीतीबद्दल एक गंमत नोंदवावीशी वाटते. हा संदेश ज्या घरांत पुढे पाठवला जातो, त्यांतील काही घरांत नवरात्रात गरब्यासाठी किंवा गौरी-गणपतीत सोवळ्यासाठी पाळी पुढे ढकलणारी गोळी मेडिकलमधून सहज आणली जाते. ती हार्मोनचीच असते, आणि तिच्यानंतर होणारा अवेळी रक्तस्राव डॉक्टरांना सांगितला जात नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असलेल्या स्त्रियांना धोक्याच्या ठरतात, एवढे या भीतीत तथ्य आहे. परंतु प्रोजेस्टेरॉन अस्तराची बेसुमार वाढ रोखते. रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झामिक अॅसिड हे औषध तर हार्मोन नव्हेच. जास्त रक्त जाते तेवढेच दिवस ते घ्यायचे असते, मात्र गुठळीचा त्रास झालेल्यांनी ते टाळावे. गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन रक्तस्राव बराच कमी करते. पहिले काही महिने डाग पडत राहतात हे आधी सांगितले नाही, तर बायका ते घाईने काढून घेतात. पुष्कळ जणी त्याला तांबी समजतात. तांबीने उलट जास्त जाते.

राहिली पिशवी. कर्करोग, फार मोठे फायब्रॉइड, इतर उपचार हरल्यानंतरचा त्रास, अशा वेळी ती काढणे योग्यच. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि पाळी कायमची बंद होण्याआधीच अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एकाएकी येऊन हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो. आत डोकावणारा फायब्रॉइड किंवा पॉलिप दुर्बिणीने काढता येतो, पिशवी शाबूत राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, तेव्हा ‘एकदाची सुटका’ या सल्ल्याकडे संशयाने पाहायला हवे. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रक्तस्रावाचे कारण काय ठरले आणि अंडाशये ठेवणार का, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि तासाला एक पॅड भिजत असेल किंवा भोवळ येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.