पीडीएफ उतरवा, अधिकारी व्हा

स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून खुर्ची धरलीत? मग अर्धा अभ्यास झालाच. उरलेला अर्धा टेलिग्रामवर आहे. दिसेल त्या ग्रुपात शिरा, दिसेल ती पीडीएफ उतरवून घ्या. वाचायची घाई नको. 'भूगोल फायनल', 'भूगोल फायनल नवीन' आणि 'भूगोल खरंच फायनल' या तिन्ही फायली एकाच फोल्डरात नांदायला लागल्या की सह्याद्रीचे घाट आपोआप डोक्यात उतरतात. फोन भरला तर ताईच्या लग्नाचे फोटो उडवा.

लेक्चर कायम दुप्पट वेगाने लावायचं. वाचलेल्या अर्ध्या तासात टॉपरची मुलाखत बघा. ती मात्र साध्या वेगाने, कारण त्याने पेन कुठलं वापरलं ते निसटता कामा नये.

काही मुलं पुस्तक मिटून, काय आठवतंय ते कागदावर लिहून बघतात. असल्या अघोरी प्रकारांच्या नादी लागू नका. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हा प्रयोग मांडला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. तेव्हा लोकसेवा आयोगाकडे एकच मागणी लावून धरा: परीक्षा अभ्यासिकेच्या दारातच घ्या, पाच मिनिटांच्या आत.

त्यात आयोगाने 2025पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. लेखीचे 1750 गुण. आता चारातला एक गोल काळा करून भागत नाही, वाक्यं लिहावी लागतात, आणि त्याआधी म्हणे विचार करावा लागतो. पण एआय कशासाठी आहे? 'महाराष्ट्रातील दुष्काळाची कारणे' एवढं टाका, आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढा, झोपा. तुमचं गाव जत तालुक्यातलं असेल, टँकरमागे घागर घेऊन आईबरोबर पळाला असाल, टँकर आधी कुणाच्या विहिरीत रिकामा होतो तेही ठाऊक असेल. ते उत्तरात आणू नका. कुठल्याच पीडीएफमध्ये ते नाही, म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचंच असणार.

संध्याकाळी टपरीवर कुणी विचारलंच, "काय, आज किती झालं?" तर कटिंगचा घोट घेऊन शांतपणे सांगा, "चौदा जीबी."