68 अंश आणि पाच उदबत्त्या

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात जानेवारीचं गॅसचं बिल आलं आणि मला घाम फुटला. एवढा घाम घर तापवणाऱ्या गॅसच्या फर्नेसनेही कधी काढला नव्हता.

त्या दिवसापासून घराचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट माझ्या ताब्यात. दिवसा 68 म्हणजे 68. हे फॅरनहाइट, आपल्याकडचे 20. "पुण्यात 20 ला लोक कानटोपी काढतात," बायको म्हणाली. मी म्हटलं, मग आपणही काढू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते रोज आठ तास तापमान 7 ते 10 अंशांनी उतरवलं, तर घर गरम-गार ठेवण्याच्या वर्षाच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. हे मी जेवताना दोनदा वाचून दाखवलं. रात्री 60 वर ठेवून झोपलो. पहाटे पाणी प्यायला उठलो, तर आकडा 72. घरात माणसं तीन, आणि तिघांपैकी कुणीही हात लावलेला नाही.

पुढे शोध लागला की बायकोच्या टेबलाखाली एक छोटा हीटर आहे. दीड हजार वॅट, म्हणजे तासाला दीड युनिट. मी गॅस वाचवतोय आणि वीज पळतेय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

मग गार वारा अडवायला खिडक्यांना लावायचं प्लास्टिक आणलं. चौकटीला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी, तिच्यावर प्लास्टिक, आणि वरून हेअर ड्रायर. गरम हवा लागली की सुरकुत्या जातात आणि प्लास्टिक ढोलकीसारखं ताणलं जातं. सात खिडक्या, दोन शनिवार. जिन्यावरच्या खिडकीत एक किडा आतच राहिला. आता त्याच्यासाठी कोण परत उकलत बसणार!

आई हे सगळं सोफ्यावर गोधडीत बसून बघत होती. ती निफाडची. पारा चारपाच सेल्सियसवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्या घरातली. तिला माझ्या थंडीचं काय कौतुक? "अरे, वारा कुठून येतो ते तरी बघितलंस का?" म्हणाली आणि देवापुढची उदबत्ती उचलून निघाली.

गॅरेजच्या दारापाशी धूर आडवा झाला. तिने जुन्या लुगड्याची वळकटी करून फटीत कोंबली. बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगपाशीही धूर वाकला. प्लगमधून वारा? मी हात लावून पाहिला. खरंच गार झुळूक! माझे दोन शनिवार डोळ्यांपुढून गेले.

वरच्या मजल्यावर माळ्याचं झाकण छतात आहे. "एवढ्या उंच एकीने काय कळणार," म्हणत आईने पाच उदबत्त्या पेटवल्या आणि स्टुलावर चढून हात वर केला. झाकणाच्या शेजारीच धुराचा अलार्म आहे, हे तिला सांगायचं राहिलं. तो कोकलला. सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले, त्यामुळे पाठोपाठ तळघरापर्यंतचे कोकलले. बाहेर 17 फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे उणे आठ. "खिडकी उघड!" आई ओरडली. "उघडत नाही, ह्याने चिकटवलीय!" बायको ओरडली, आणि मी स्वतःच्या हाताने टराटरा प्लास्टिक फाडायला लागलो.

अलार्म थांबले तेव्हा थर्मोस्टॅटवर 56 होते आणि खाली फर्नेस जिवाच्या आकांताने धडधडत होती. जिन्यावरची खिडकीही सताड उघडी. आमचा किडा चौकटीच्या कडेपर्यंत चालत गेला, बाहेरचा वारा लागला तसा थबकला, आणि वळून घरात आला.