उस्तादाचा वेळ फुकट नसतो

लातूरपासून नांदेडपर्यंत भरती अकॅडमींच्या ग्रुपवर एक हिशेब फिरतोय : 'अग्निवीराचं (चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या सैनिकाचं) प्रशिक्षण सहा महिन्यांत संपतं. पुढची साडेतीन वर्षं सरकारला तयार सैनिक मिळतो. युनिटमध्ये तो जे शिकतो त्याला पैसा लागत नाही.' पहिलं वाक्य सेंटरपुरतं, म्हणजे प्रशिक्षण केंद्रापुरतं, ढोबळमानानं खरं आहे. पुढचं चूक आहे, आणि आपल्या पोरांच्या कष्टाचं मोल त्यावरून ठरवलं जातंय म्हणून हे लिहितोय.

'तयार सैनिक' : सेंटरवरून आलेल्या मुलाला शिस्त आणि हत्यार येतं. रणगाड्याचं इंजिन, रेडिओ संच, तोफेवरची आपली जागा या गोष्टी हातात बसतात त्या युनिटमध्येच.

'पगार तर द्यायचाच होता' : हो, पण पूर्ण कामाचा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. समजा, सुरुवातीला त्याच्या हातून ९,००० रुपयांचंच काम होतं. उरलेले २१,००० हा शिकण्याचाच खर्च.

'उस्ताद तिथं असतोच' : उस्ताद म्हणजे युनिटमध्ये शिकवणारा जुना जवान किंवा हवालदार. सगळ्यात मोठी चूक इथं होते. पेरणीत चाड्यावर नवखा हात असला की जाणती बाई स्वतःचं काम टाकून बाजूनं चालते; तिची मजुरी कुणी वेगळी लिहीत नाही, पण ती पडतेच. वरच्या उदाहरणात हवालदाराचा १५,००० रुपयांचा वेळ गेला, तर महिन्याचा खर्च ३६,००० होतो. मुलाच्या पगारापेक्षाही जास्त! हवालदार एरवी मोकळा असता तर आकडा खाली येईल, हे मान्य. पण जिथं कामाचा आधीच ताण आहे, तिथं नाही.

'हे मोजता येत नाही' : येतं. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेनं १९७४ मध्येच त्याची पद्धत मांडली. शिकवणाऱ्यांनाच विचारायचं : कितव्या महिन्यात नवखा किती काम करतो, तुमचा किती वेळ खातो? त्याचं निव्वळ काम (केलेल्या कामातून उस्तादाचा वेळ वजा) पगाराला गाठेपर्यंतची तूट म्हणजे खर्च. लष्करी कामाला बाजारभाव नसतो, म्हणून मुरलेल्या जवानाचा पगार मोजपट्टी धरता येतो. एकाच्या अंदाजावर विसंबायचं नाही, अनेकांना विचारायचं.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात. बाकीच्यांवरची तूट चार वर्षांतच भरून निघायला हवी. अग्निवीराला पेन्शन द्यावं लागत नाही, ती बचत वेगळ्या रकान्यात मांडा, आणि ड्रायव्हर व रडार दुरुस्त करणारा यांचा हिशेब एकत्र करू नका.